निळ्या अक्षरांचा केक

एप्रिल लागला की माझं तोंड आंबट होतं. ते उन्हामुळं नाही. ऊन तर या शहराला मार्चपासूनच भाजून काढत असतं. कडुलिंबाचा मोहर झडून डांबरावर बारीक पिवळट सडा पडलेला असतो, कॉलेजच्या फाटकाबाहेर पोरं उभ्याउभ्या पानं उलटत असतात, आणि त्याच रस्त्यावर कुणीतरी शिडीवर चढून या खांबापासून त्या खांबापर्यंत निळ्या पताका ओढत असतं. परीक्षा आणि जयंती आमच्याकडं एकाच महिन्यात येतात. खाली मान घालून लिहायचं आणि वर मान करून मिरवायचं, दोन्ही एकदमच.

परवा जालना रोडच्या सिग्नलला रिक्षात बसले होते. शेजारी एक मोटार येऊन थांबली. मागच्या सीटवर एक बाई, मांडीवर केकचं उंच खोकं. काचा बंद, आतलं गार वारं तिच्या तोंडावर. सिग्नल सुटला, गाडी हलली, तसं तिनं खोकं छातीशी ओढलं आणि लगेच फोनवर बोलायला लागली. मी मनात म्हटलं, बाई, हा केक तू केलेला नाहीस. केला असतास तर अशी बिनघोर बसली नसतीस. मग आठवलं, केक मीही कधी केलेला नाही. मी फक्त एकदा एका केकबरोबर बसून आले होते, छावणीपासून चिकलठाण्यापर्यंत, टेम्पोच्या हौद्यात. केक माझ्या धाकट्या बहिणीनं केला होता. आणि त्या अख्ख्या वाटेवर मी तिच्यावर जळत होते.

मत्सर हा पुस्तकातला शब्द. आमच्या घरी जळणं म्हणतात. शिकलेल्या माणसानं आपल्या मनातल्या गोष्टीला तिच्या नावानं हाक मारावी, एवढं तरी शिक्षणानं यायला पाहिजे.

नामांतर झालं, त्या वर्षीचा तो एप्रिल. आमच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून किती वर्षं माणसं रस्त्यावर होती, किती डोकी फुटली, किती घरं पेटली, ते इथल्या मातीला विचारावं. आमचं घर त्यातलंच. गंगापूरकडच्या गावात आमच्या वस्तीची छपरं काळी पडली आणि आबा, माय, आम्ही दोघी बहिणी बोचकी घेऊन शहरात आलो. चिकलठाण्याला तेव्हा कारखान्यावर कारखाना उभा राहत होता. भट्टीपुढं उभं राहायचं असलं की जात कुणी विचारत नाही. आबा लोखंड वितळवायच्या भट्टीवर लागले. रुळांच्या पलीकडं आमची नवी वस्ती वाढत गेली. आधी पत्रे, मग विटा, मग विहार. सुट्टी पडली की आबा मोर्चात. सत्याग्रहात धरले गेले, जेलात राहून आले, परत भट्टीवर हजर. त्यांना वाचता येत नव्हतं. मोर्चातल्या पाट्या धरून धरून तेवढं एक नाव ते ओळखायला शिकले होते. बाकीची सगळी अक्षरं त्यांना सारखीच.

मी त्या वस्तीतली पहिली पदवीधर. हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं, ही फुगून बोलते. फुगूनच बोलते. माझ्या आधी आमच्या घरात कुणी शाळेची पायरी नीट चढलं नव्हतं. माझ्या परीक्षेच्या दिवसांत शहर बंद असायचं, बस नसायची. एका पेपराला मी रुळारुळानं चालत गेले होते, चपला हातात घेऊन, कारण खडीनं त्यांचे अंगठे तुटले होते. परीक्षेच्या हॉलबाहेर पोलिसांची गाडी उभी. आत मी उत्तरं लिहितेय आणि लांबून घोषणा ऐकू येतायत. ज्या नावाच्या घोषणा, ते नाव माझ्या हातातल्या उत्तरपत्रिकेवर नाही. असं विचित्र लिहिणं. तरी पहिला वर्ग मिळवला. पदवीचा कागद दोन्ही हातांत आडवा धरून घरी आणला, वाकू नये म्हणून.

आबांनी हात धुतले, पुसले, कागद घेतला. उजेडाला धरला. वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, परत वर गेली.

"नाव कुटंय?"

"हे काय आबा, इथं. माझं पूर्ण नाव आहे."

"तुजं नाय गं. नाव."

"ते अजून झालं नाय."

"व्हईल," म्हणाले. "झाल्यावर काच लावू आन् भिताडाला टांगू."

त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. कागद मायच्या पेटीत लुगड्याच्या घडीत गेला. वर्षं गेली. मी शाळेत शिकवायला लागले, वस्ती मला मॅडम म्हणायला लागली. आणि मग एके दिवशी नाव झालं. ढोल वाजले, म्हाताऱ्या बायका नाचल्या, आबा भिंतीला टेकून रडले, मीही रडले. दुसऱ्या दिवशी पेटी उघडून पाहिलं. कागद होता तसाच होता. कागदाला काय, तो छापला त्या दिवसाचाच राहतो.

आता रंजीचं सांगते. रंजना, माझी धाकटी. शाळेत नापास व्हायची आणि निकाल घेऊन हसत घरी यायची. रडतखडत बारावी झाली आणि छावणीतल्या एका बेकरीत लागली. आधी खारी-टोस्टच्या पुड्या बांधायची, मग नाताळच्या घाईत कुणीतरी तिच्या हातात आयसिंगचा कोन दिला, तो परत काही घेतला नाही. बेकरीवाले चाचा म्हणायचे, "ये छोकरी बिगडी हुई है, मगर हात इसका बिगडता नै." वहीत तिचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं, पण बटर पेपरच्या कोनातून तेच अक्षर असं वळणदार उतरायचं की माझ्यासारखीनं, जिनं आयुष्यभर फळ्यावर सुवाच्य लिहिलं, तिनं बघत राहावं. बघत राहिले की जळायचे.

त्यातून तिनं गंमत म्हणून बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरलेला. गंमत म्हणून! एक वर्ष पास, एक वर्ष गचका, परत पास. असं करत करत बाई शेवटच्या वर्षाला पोचल्या त्या नेमक्या नाव झालं त्या वर्षीच्या एप्रिलात. मी वेळेवर शिकले म्हणून माझा कागद नावावाचून राहिला. ती गचके खात आली म्हणून तिच्या कागदावर नाव येणार. आबा येईल त्याला सांगायचे, "आता आपल्या घरात नावाची पदवी येनार हाय." एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, एक पदवी घरात आहे आधीच."

"हाय की," आबा म्हणाले, "पर ती आदीची."

आणि बशीतला चहा फुंकून प्यायले. त्या 'आदीची'वर मी कितीतरी दिवस काढले.

मोठ्या केकची कल्पना जयंती मंडळाचा अध्यक्ष विजू याची. लेथ मशीनवर काम करणारा पोरगा, बोलायचा मात्र मंत्र्यासारखा. "रंजाक्का, औंदा साधा केक नाय जमायचा. मजल्यांचा पायजे. नाव झाल्यानंतरची पयली जयंती हाय, इतिहासात जाईल." इतिहासात काय जायचंय ते रंजीनं ठरवलं. खाली रुंद गोल मजला, त्यावर मधला, आणि सगळ्यात वर विद्यापीठाची कमान, बिस्किटाचा चुरा आणि साखरेच्या पाकाची. आणि नवं नाव निळ्या अक्षरांत, खालच्या मजल्यावर सुरू होऊन गोल फिरत, चढत, मधल्या मजल्याला वळसा घालून कमानीच्या पायापाशी संपणारं. एवढं लांब नाव की दोन्ही मजल्यांवर बोट ठेवायला जागा उरली नाही.

इतर वस्त्यांत केक आदल्या रात्री कापतात. आमच्याकडं सगळे कारखान्यातले. पहिली पाळी सुटून आलेले आणि रात्रपाळीचे अजून न गेलेले, अशी सगळी वस्ती एकदम घरी असते ती वेळ एकच, दिवस मावळायची. त्यामुळं केक निघणार भर उन्हात. आणि केक आबांच्या हातानं कापायचा, हे मंडळानं ठरवून टाकलेलं. म्हणजे चित्र असं, की आबा सगळ्या वस्तीसमोर उभे, पुढं रंजीचा केक, रंजीचं अक्षर, आणि आबांची ती नजर, जी माझा कागद उजेडाला धरताना मला मिळाली नाही. ती नजर रंजीला मिळणार. तिला ती नकोही नव्हती विशेष. मला हवी होती.

तरी मला तीच बोलवायला आली. "ताई, बेकरीतले सगळे हसतात गं, हसले की हात हलतो. तू हसत नाहीस. तू चल माझ्याबरोबर."

दुपारी बेकरीत गेले. भट्टीची धग, व्हॅनिलाचा वास, ओल्या गोणपाटाचा वास. रंजी कमरेला फडकं खोचून केकभोवती फिरत होती, वनस्पती तुपाचं ते आयसिंग घाम सोडतंय का बघत होती. मी नाव वाचायला जरा पुढं झुकले.

"ताई, तोंड लांब! थुंकी उडंल."

आयुष्यात पहिल्यांदा धाकटीनं मला मागं सरकवलं होतं, आणि मी सरकले.

टेम्पो मुनीरभाईंचा. त्यांनी चाकांतली हवा थोडी सोडून ठेवली होती, खड्ड्यात गाडी आपटू नये म्हणून. हौद्यात मायच्या दोन वाकळी अंथरल्या, त्यावर केकची फळी ठेवली. दोन्ही अंगांना भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या, वरून ताडपत्री. कमान वेगळ्या ताटात, ती वस्तीत गेल्यावर बसवायची. ते ताट माझ्या मांडीवर. रंजी फळीला मिठी मारल्यासारखी उकिडवी बसली.

मुनीरभाई बराच वेळ ही तयारी बघत होते. मग म्हणाले, "आपा, ये टेम्पो में मैं दुल्हन लाया, भैंस लाया, मरीज लाया. इत्ता नखरा किसीका नै देखा."

"दुल्हनीला हळदीचा डाग चालतो, मुनीरभाई," रंजी म्हणाली. "हिला नाय चालत. चलाव."

छावणीतून निघालो. नगर नाक्यापर्यंत झाडांची सावली होती, पुढं उघडा रस्ता. ताडपत्रीखाली बर्फाचा गारवा आणि वरून उन्हाची झळ; पाय गार, डोकं तापलेलं. प्रत्येक गतिरोधकाला मुनीरभाई पुढून ओरडायचे, "संभालो!" आणि आम्ही दोघी एकदम श्वास धरायचो. तेवढ्यात रंजी मला विचारते, "ताई, राज्यशास्त्राला काय विचारतात गं? पुढच्या आठवड्यात पेपर हाय."

"तू वाचलं नाहीस?"

"कधी वाचू? तीन दिवस हे करायले मी. तू सांग की थोडं. राज्यपाल काय काय करतो?"

मी सांगितलं. राज्यपाल, मंत्रिमंडळ, विधानसभा, सगळं सांगितलं, एक हात ताटाखाली धरून. ती फळी सांभाळत "हं, हं" करत होती. मला वाटत होतं, हिला मी हे का सांगतेय? ज्या कागदासाठी आबांनी लाठ्या खाल्ल्या, तो हिला टेम्पोत बसून, आयसिंगच्या हातानं, माझ्या तोंडचं ऐकून मिळणार. पण खोटं लिहिणार नाही: केक पडावा असं मला एकदाही वाटलं नाही. पडला असता तर त्यावरचं नाव पडलं असतं. जळणाऱ्या माणसालाही काही गोष्टी पडलेल्या बघवत नाहीत. म्हणून तर जळणं अवघड. नुसता राग असता तर सोपं गेलं असतं.

आता क्रांती चौकावर पूल झालाय. गाड्या वरून निघून जातात, खाली काय चाललंय ते दिसतही नाही. तेव्हा सगळं एकाच पातळीवर होतं. चौकात चारी बाजूंनी मिरवणुकीला आलेली माणसं, ट्रॅक्टर, ढोल, डोक्याला निळी पट्टी बांधलेली पोरं. टेम्पो अडकला. मुनीरभाईंनी हॉर्न दिला तर दोघं-तिघं चिडून आले. "काय हाय रे आत? जयंतीच्या दिवशी माल वाहायला?" एकानं ताडपत्री वर केली.

तो वाकून अक्षरं वाचू लागला. मग मागं वळून ओरडला, "ओ, नाव हाय! नाव चाललंय नाव!"

मग जे झालं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. माणसं हौद्याभोवती जमली. आतलं बघायला एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून उभी राहिली. ज्यांना वाचता येत होतं ते मोठ्यानं वाचू लागले, ज्यांना येत नव्हतं ते त्यांच्यामागं म्हणू लागले. एका म्हातारीनं टेम्पोच्या पत्र्याला कपाळ टेकलं. दुसरी गळ्यातला झेंडूचा हार काढून केकला घालायला निघाली.

"मावशे, हार नको!" रंजी किंचाळली. "वजन पडंल त्याच्यावर!"

"नावाला हार नको म्हनती का गं तू?"

"नावाला घाल, केकला नको!"

हशा झाला. मावशीनं हार रंजीच्याच गळ्यात घातला. ती झेंडूच्या हारात, घामानं भिजलेली, केकला मिठी मारून बसलेली, आणि गर्दी तिच्याकडं बघतेय. कुणी विचारलं, "कुनी केला वो?" रंजीनं हनुवटीनं स्वतःकडं दाखवलं. "मी." केवढं टाळ्यांचं वादळ! मी शेजारी ताट घेऊन बसले होते. मला कुणीतरी म्हणालं, "तुम्ही हेल्पर का?"

हेल्पर! पहिल्या वर्गातली बी.ए. हेल्पर!

तेवढ्यात मागून निळ्या गुलालाची मूठ उडाली. ती वर जाऊन पसरली आणि खाली यायला लागली. ताट रंजीच्या पायाशी ठेवून मी पदर सोडला आणि केकवर अंथरल्यासारखी ओणवी झाले. पाठीवर, मानेवर, केसांत गुलाल. शाळेत नेसायची माझी चांगली पांढरी साडी निळी झाली. खाली माझ्या नाकाशी ती अक्षरं होती, इतकी जवळ की त्यांचा साखरेचा वास येत होता. का केलं म्हणाल तर केकसाठी नाही, बहिणीसाठी तर नाहीच. त्या निळ्यावर दुसरं निळं नको होतं मला.

"ताई," खालून रंजीचा आवाज आला, "श्वास घेऊ नको."

मग पोरांनीच हाताला हात धरून टेम्पोभोवती कडं केलं आणि मोंढा नाक्यापर्यंत वाट करून दिली. मुनीरभाई म्हणाले, "आज मेरेकू मैं मिनिस्टर का ड्रायवर मालूम पड रा." पुढं रस्ता मोकळा होता, पण आमच्या वस्तीच्या तोंडाशी रेल्वेचं फाटक. रुळांवरून टेम्पो न्यायचा म्हणजे सगळ्या मेहनतीचा चुराच. विजू आणि त्याची पोरं वाट बघत उभीच होती. फळी त्यांनी चार कोपऱ्यांनी उचलली.

"सारखी धरा रे!" रंजी मागून पळत ओरडत होती. "ए विज्या, तुझ्याकडचं कोपरं खाली चाललंय! मयत नाय न्यायचं, एवढं घाईनं कुठं निघालास!"

"अक्का, तू गप बस, घाम डोळ्यात जायलाय."

"घाम केकवर नको पाडू म्हंजे झालं!"

केक पोचला. विहारासमोरच्या मांडवात, बाबासाहेबांच्या फोटोपुढं टेबलावर ठेवला. रंजीनं माझ्या हातातलं ताट घेतलं, जीभ दाताखाली धरून कमान वर बसवली, दोन पावलं मागं झाली आणि चारी अंगांनी बघून घेतलं. कुठं भेग नाही, एक अक्षर हललेलं नाही. दिवस कलला होता. सगळी वस्ती आली. वंदना झाली. विजूनं आबांच्या हातात सुरी दिली.

आबा पुढं गेले. सुरी वर धरली आणि थांबले. टेबलाभोवती चालायला लागले. ज्या एका नावापुरतं त्यांना वाचता येत होतं ते नाव ते पायांनी चालून वाचत होते. फेरी पूर्ण करून परत समोर आले आणि सुरी टेबलावर ठेवली.

"ह्ये मी कापू?"

ते मांडवाकडं वळले.

"ह्या नावासाठी पोरं मेली आपली. त्याच्यावर मी सुरी फिरवू?"

विजूचा चेहरा उतरला. इतके दिवस इतकी डोकी चाललेली, पण हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. "वरचं कापू मग आबा," तो म्हणाला, "नुसतं वरचं."

"वर काय हाय?"

वर कमान होती.

"कमान पाडतो व्हय रे?" मागून कुणी म्हातारा बोलला. बाया पुटपुटू लागल्या. एक म्हणाली, राहू द्या असाच फोटोपुढं. दुसरी म्हणाली, अन् मुंग्या लागल्यावर काय करनार? पोरं टेबलाखाली जाऊन बसली होती, त्यांना केक पाहिजे होता. नाक्यावर रात्रपाळीची गाडी येऊन हॉर्न द्यायला लागली. निम्म्या बापांना निघायचं होतं. आणि मांडवाच्या पत्र्याखालच्या उकाड्यात आयसिंगला घाम फुटला. एका अक्षराची कड हळूच ओघळली. रंजीनं पाहिलं. दिवसभर दात काढत असलेल्या माझ्या बहिणीचं तोंड मी पहिल्यांदा तसं पडलेलं पाहिलं.

"कापा की कुनीतरी," ती हळू आवाजात म्हणाली. "वितळून खाली सांडंल ते. लोकांच्या पायाखाली यील."

"तूच काप मग," विजू म्हणाला.

"माझा हात नाय चालायचा. मी लिवलंय."

मी पुढं झाले. निळी साडी, निळे केस. म्हटलं, "आणा इकडं."

"मॅडम," विजू म्हणाला, "तुम्ही तरी शिकलेल्या..."

"शिकलेली आहे म्हणूनच. नाव काय टेबलावर ठेवायला मागितलं होतं? पोरांच्या अंगी लागायला मागितलं होतं ना? मग लागू द्या."

हे वाक्य लोकांना आवडलं. पुढं कैक जयंत्यांना भाषणात त्याचा उल्लेख व्हायचा. पण माझा हात चालला तो वाक्यामुळं नाही. त्या मांडवात ते नाव सगळ्यांना मिळालेलं होतं, आबांना, रंजीला, टेबलाखालच्या पोरांना. जे मिळालंय ते कापायला जीव धजत नाही. मला ते मिळालं नव्हतं. मी पहिल्या अक्षरापासून सुरी घातली आणि सरळ खाली नेली. आत पिवळा धमक, मऊ, जाळीदार केक होता. फार सुरेख झाला होता. तेही मला सोसलं नाही.

पहिला तुकडा, निळ्या अक्षरासकट, मी आबांच्या तोंडाशी नेला. पहिला घास थोरल्याला, ही रीतच. आबांनी माझं मनगट धरलं. भट्टीवरचा हात, कोरडा, तापलेला. तो हात त्यांनी वळवला, माझ्याच तोंडाकडं.

"आदी तू," म्हणाले. "तुज्या कागदाला न्हाई लागलं ते. तुला लागू दे."

हळू बोलले नाहीत. साऱ्या मांडवानं ऐकलं. मला वाटत होतं त्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही. त्यांच्या ध्यानात होतं. ते माझ्याकडं बघत होते, वरपासून खालपर्यंत, परत वर, उजेडाला काही धरल्यासारखे. मी तोंड उघडलं. साखर, तूप, व्हॅनिला आणि गुलालाची किंचित तुरट चव. मी सगळं खाल्लं.

मग जी झुंबड उडाली! बाया पोरांच्या जिभेवर अक्षराचा तुकडा ठेवत होत्या, जसं बाळाला मध चाटवतात. रात्रपाळीवाले हातात तुकडे घेऊन गाडीकडं पळाले. मुनीरभाईंनी घरी न्यायला बांधून घेतला. सगळ्या वस्तीची तोंडं निळी, दात निळे, हसणं निळं. रंजी भराभर कापत होती, वाटत होती, हाताला क्षणाची उसंत नव्हती. ती नेहमीसारखी हसतेय असं मला लांबून वाटलं.

गर्दी पांगल्यावर आम्ही दोघी हापशावर फळी आणि ताटं धुवायला बसलो. ती राखेनं तेलकट फळी घासत होती, मी पाणी मारत होते. ती एकच जागा परत परत घासत होती.

"काय झालं गं? पोचला की धड."

"पोचला."

"सगळ्यांनी नावाजलं."

"हां."

मी हापसा मारायचा थांबले. तिनं मान वर केली नाही, फळीवरचा न निघणारा निळा डाग नखानं खरवडत राहिली.

"आबांनी मला नाय भरवलं," ती म्हणाली.

"अगं, तुझ्या पदवीवर तर नावच येणार आहे. पुढच्या आठवड्यात पेपर आहे तुझा."

"ती यील गं. सगळ्यांचीच यील आता, दरसाल यील." तिनं फळी उलटी केली. "भरवलं तुला एकटीला."

ती पास झाली, काठावर. तिचा कागद आबांनी काच लावून टांगला. मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. पण एप्रिल लागला की रंजीचा फोन येतो, इकडचं तिकडचं बोलते, आणि कुठूनतरी वळून तिथंच येते: "तुला भरवलं बाई आबांनी, मला नाय." तिची समजूत घालणारी चांगली चार वाक्यं मला येतात. शिकलेली आहे मी. पण ती मी अजून एकदाही बोललेली नाही.